गाडीच्या नेव्हीत, म्हणजे रस्ता दाखवणाऱ्या नेव्हिगेशन यंत्रात, नवा मॅप चढत नाही? कार्ड फॉरमॅट करण्याआधी हे बघा

नाशिकला माझं कार स्टिरिओ आणि ॲक्सेसरीजचं दुकान आहे. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या सुट्टीआधी आणि दिवाळीआधी, एकच तक्रार घेऊन लोक येतात: “मॅप अपडेट करायला घेतला, आणि आता होता तोही दिसत नाही.” गाड्या साधारण २०१० ते २०१६ च्या. म्हणजे मोबाइल डॅशबोर्डवर अडकवायची सवय सगळ्यांना लागायच्या आधीच्या.

इतक्या वेळा हेच काम केल्यावर एक गोष्ट कळली. बहुतेक वेळा नव्या मॅपमध्ये काही खोट नसते. खोट असते वायरीत, कार्डात किंवा जागेत. आणि मॅपच्या लायसन्सचा, म्हणजे तो वापरायच्या परवानगीचा, घोळ असेल, तर तो बरेचदा घरच्याच हुशार माणसानं घालून ठेवलेला असतो. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी फुकटचं, मग शंभर-दोनशे रुपयांचं, मग डोक्याला ताप देणारं.

जुनी युनिटं मोटामोटी तीन जातींची. पहिली, काचेला चिकटवायची सुटी डबी, गार्मिन नूवीसारखी. ती वायरीनं कॉम्प्युटरला जोडतात. दुसरी, डॅशबोर्डमधली, जिच्या खाचेत मॅपचं एसडी कार्ड बसतं. यात कंपनी फिटिंगची येतात आणि बाहेरून बसवलेली विंडोज सीईवाली (छोट्या यंत्रांसाठीचं विंडोज) चायना युनिटंही येतात. तिसरी, जिला पेनड्राइव्हनं अपडेट द्यावं लागतं: पेनड्राइव्ह आधी गाडीत लावायचा, मग कॉम्प्युटरला, मग परत गाडीत.

लक्षणं

तुमचं युनिट यातलं काय करतंय ते आधी नीट बघा. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, पुढे कोणाला दाखवायची वेळ आली तर तोच कामी येतो.

- “लायसन्स सापडत नाही” किंवा “मॅप अनलॉक होत नाही” असा संदेश.
- कॉम्प्युटरला जोडलं की नुसतं चार्ज होतं, ड्राइव्ह म्हणून दिसत नाही.
- अपडेट एका ठरावीक टक्क्यावर येऊन अडकतं, दर वेळी तिथेच.
- अपडेट पूर्ण झालं म्हणतं, पण गाडीत मॅप जुनाच.
- “जागा अपुरी आहे.”
- मॅप उघडतो, पण उपग्रह सापडत नाहीत, किंवा तारीख चुकीची दिसते.
- नेव्हीचं बटण दाबलं की काहीच होत नाही, किंवा लोगो येतो, जातो, परत येतो.

हे शेवटचं, लोगोच्या फेऱ्यांचं लक्षण असेल तर इथेच थांबा आणि थेट “हात कधी थांबवायचा” हा भाग वाचा.

१. मॅप खरंच जुना आहे का, आणि नवा निघालाय का?

फुकटची तपासणी, तरी निम्मे लोक ती करत नाहीत. सेटिंगमध्ये “माहिती” किंवा “आवृत्ती” असं पान असतं, तिथे मॅपचं वर्ष बघा. पान सापडत नसेल तर मॅपलाच विचारा. मुंबई-गोवा रस्ता ६६ ऐवजी १७ क्रमांकाचा दाखवत असेल, पुणे-नाशिक ६० ऐवजी ५०, तर डेटा फारच जुना आहे, कारण हे क्रमांक २०१० मध्ये बदलले. शिर्डीजवळून समृद्धीवर चढलात आणि बाण वावरातून पळायला लागला, तर मॅप डिसेंबर २०२२ च्या आधीचा. नागपूर-शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा तेव्हा सुरू झाला. पूर्ण ७०१ किलोमीटर हवे असतील तर मॅप जून २०२५ नंतरचा लागेल. अटल सेतूवर तर गाडी सरळ समुद्रातून जाते. एक आजी मागच्या सीटवरून ते बघून घाबरल्या होत्या म्हणे.

आता खरा प्रश्न: तुमच्या युनिटसाठी नवा मॅप निघतोय का? कंपनीच्या अपडेटच्या पानावर मॉडेल आणि सिरीयल नंबर टाकून बघा. अनेक जुन्या युनिटांना शेवटचा मॅप येऊन कित्येक वर्षं झालीत. तसं असेल तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, आणि बाजारातल्या “सगळ्या जगाचे मॅप, ५०० रुपये” पेनड्राइव्हवर पैसे तर मुळीच नको. ते चोरीचे असतात हा एक भाग. दुसरा भाग असा की ते टाकताना मूळ मॅपच्या फाइली पुसल्या जातात, आणि मग ना तो चालतो ना हा.

“लाइफटाइम मॅप” या शब्दानं बरेच जण फसतात. लाइफटाइम तुमचं नव्हे, यंत्राचं. त्यातही कंपनीला मॅपचा डेटा मिळतोय तोवरच. शिवाय ते त्या एका यंत्रापुरतं असतं, दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही.

२. तारीख बघा

लहानशी गोष्ट, पण हिनं खूप लोकांना उगाच मॅप विकत घ्यायला लावलाय. जीपीएसचे उपग्रह तारीख आठवड्यांच्या आकड्यात पाठवतात, आणि जुन्या पद्धतीत तो आकडा १०२३ च्या पुढे जात नाही, परत शून्यावर येतो. म्हणजे साधारण १९ वर्षं आणि साडेसात महिन्यांनी घड्याळ उलटतं. शेवटचं उलटलं ते ७ एप्रिल २०१९ ला, आपल्याकडे पहाटे. ज्या युनिटांच्या सॉफ्टवेअरला हे माहीत नव्हतं, ती १९९९ मध्ये जाऊन बसली. काही युनिटांत हा आकडा वेगळ्या तारखेपासून मोजतात, ती नंतर कधीतरी घसरली.

तुमची तारीख अशी एकोणीस-वीस वर्षं मागे असेल, पोहोचायची वेळ वेडीवाकडी दाखवत असेल, तर मॅप बदलून फरक पडणार नाही. युनिटचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, नवं लागेल. कंपनीनं ते काढलं असेल तर बहुधा फुकट असतं. काढलं नसेल तर तिथे मॅपवाला काही करू शकत नाही.

उपग्रहच सापडत नसतील तर गाडी मोकळ्या मैदानात उभी करा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. बरेच महिने बंद असलेल्या युनिटला सगळ्या उपग्रहांची यादी नव्यानं उतरवून घ्यावी लागते, आणि ती पूर्ण यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. पार्किंगच्या छपराखाली दोन मिनिटं बघून “ॲन्टेना गेली” असा निकाल देऊ नका.

३. वायर

सुट्या डब्यांच्या तक्रारीत हा पहिला आरोपी. गाडीच्या चार्जरची वायर बऱ्याचदा नुसता करंट देते, डेटा नेत नाही. तिनं जोडलं की युनिट “मी गाडीत आहे” असं समजून मॅप उघडून बसतं. कॉम्प्युटरचं चित्र यायला हवं, ते येतच नाही. जुन्या डब्यांना मिनी यूएसबी लागते, आजच्या मोबाइलची नव्हे. घरात जुना डिजिटल कॅमेरा असेल तर त्याची वायर बहुधा बसते आणि चालते. विकत घेतलीत तर शंभर-दोनशे रुपयांत येते, फक्त “डेटावाली द्या” असं स्पष्ट सांगा.

वायर थेट कॉम्प्युटरला लावा, हबमधून नको. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला. अपडेट दर वेळी वेगवेगळ्या टक्क्यावर तुटत असेल तर वायर किंवा पोर्ट. दर वेळी एकाच टक्क्यावर अडकत असेल तर जागा किंवा कार्ड. एवढ्या एका निरीक्षणावरून माझं अर्धं निदान होतं.

४. करंट

डॅशबोर्डच्या युनिटांसाठी. पेनड्राइव्ह किंवा कार्डावरून अपडेटला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. नुसती किल्ली एका घरावर फिरवून ठेवली तर बऱ्याच गाड्या मध्येच युनिट बंद करतात. आणि मध्येच इंजिन सुरू केलं तर स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर दहाच्या आसपास येतं, युनिट रीस्टार्ट होतं, अपडेट अर्धवट लटकतं. म्हणून आधी इंजिन सुरू करा, मग पेनड्राइव्ह लावा, आणि संपेपर्यंत बंद करू नका. हे उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये पाऊण तास इंजिन चालू ठेवणं म्हणजे विषारी वायू कोंडून घेणं.

बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर आधी दुसऱ्या कोणत्या तरी दुकानात ती तपासून घ्या. माझ्याकडे तपासली तर तुम्हाला वाटेल बॅटरी विकायला बसलाय.

५. कार्ड: इथे सावकाश जा

सगळा जीव या नखाएवढ्या तुकड्यात असतो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

आधी कार्ड बाहेर काढा आणि बाजूची सरकपट्टी बघा. ती “लॉक”कडे असेल तर कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. पट्टी झिजून ढिली झाली असेल तर रीडरमध्ये घालताना आपोआप खाली सरकते, मग बारीकशी चिकटपट्टी लावून ती जागेवर ठेवावी लागते. मागच्या सोनेरी पट्ट्या बघा. दहा वर्षं डॅशबोर्डच्या उन्हात राहिलेल्या कार्डावर काळपट थर येतो. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका, बस्स. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्यानं प्लास्टिक विरघळतं.

कार्ड परत घालताना कुठल्या खाचेत घालताय तेही बघा. बाहेरून बसवलेल्या युनिटांत दोन सारख्याच खाचा असतात, एक गाण्यांची, एक जीपीएसची. गाडी धुताना कोणीतरी काढून चुकीच्या खाचेत घातलेलं कार्ड मी कितीदा तरी बदललंय. त्याचे पैसे घ्यायलाही लाज वाटते. याच युनिटांत सेटिंगमध्ये “नेव्ही पाथ” असतो, म्हणजे नेव्हीची फाइल कार्डावर कुठे आहे ते युनिटला सांगावं लागतं. बॅटरी काढली-घातली की तो पाथ विसरला जातो आणि नेव्हीचं बटण मुकं होतं. पाथ परत दाखवला की चालू.

आता मुख्य मुद्दा. कार्ड लॅपटॉपला लावलं की कधीकधी विंडोज विचारतं: “हे वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. करू का?” नाही म्हणा. पुन्हा विचारलं तरी नाही. काही कंपन्यांची कार्डं मुद्दाम अशी बनवलेली असतात की कॉम्प्युटरला ती वाचताच येत नाहीत. त्याला ते कोरं दिसतं, गाडीला नाही.

मागच्या मे महिन्यात एक काका आले होते. नोकरीतून निवृत्त, हातात प्लास्टिकची छोटी डबी, आत कापूस, कापसात कार्ड. मुलानं “हो” दाबलं होतं. वर नवीन ६४ जीबीचं कार्ड आणून जुन्याची कॉपी त्यावर टाकली होती, ती अर्थात कोरी. काका म्हणाले, “मोठं कार्ड घेतलंय, तरी नाही चालत.” त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगतो.

प्रत्येक एसडी कार्डात कारखान्यातच कोरलेला एक ओळख क्रमांक असतो, १२८ बिटांचा. तो फाइलीत नसतो, कार्डाच्या चिपमध्ये असतो. अशा मॅपचं लायसन्स त्या क्रमांकाला बांधलेलं असतं. म्हणून फाइली दुसऱ्या कार्डावर उतरवल्या की मॅप जातो, पण क्रमांक जात नाही आणि युनिट म्हणतं लायसन्स नाही. नवीन कार्ड कितीही भारी असो. याची चांगली बाजू अशी: फॉरमॅट केल्यानं तो क्रमांक पुसला जात नाही. मूळ कार्ड जपून ठेवलं असेल आणि आधी घेतलेला बॅकअप असेल, तर फाइली त्याच कार्डावर परत टाकून बऱ्याचदा काम होतं. काकांकडे बॅकअप नव्हता. पण अपडेटच्या खात्यात खरेदीची नोंद होती, त्यामुळे मूळ कार्डावर मॅप परत उतरवता आला. मुलगा बाहेर गाडीत बसून होता, आत आला नाही.

तर बॅकअप घ्या. नुसत्या फाइली ओढून नव्हे, पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे सगळ्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल एका फाइलीत. लपलेले फोल्डर ओढताना सुटतात, आणि लायसन्स बरेचदा तिथेच असतं. आयगो नावाचं नेव्हीचं सॉफ्टवेअर असलेल्या युनिटांत ते “लायसन्स” नावाच्या फोल्डरमध्ये छोट्या छोट्या फाइलींत असतं. मॅपच्या फाइली शेकडो एमबीच्या आणि या काही केबीच्या, म्हणून लोक कचरा समजून उडवतात.

ज्या युनिटांत कार्ड बदलायची परवानगी आहे, तिथे मोठ्या कार्डाचा मोह नको. जुनी युनिटं ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं ओळखतात, काही तर २ जीबीच्या वर जात नाहीत. ३२ च्या वरचं कार्ड विंडोज एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट करतं, ते या युनिटांना कळत नाही. त्यांना फॅट३२ ही जुनी पद्धत लागते. पेनड्राइव्हचंही तेच. ८ किंवा १६ जीबीचा साधा पेनड्राइव्ह घ्या, फॅट३२ करा, त्यावर दुसरं काही ठेवू नका. बायकोच्या भजनांचा पेनड्राइव्ह वापरू नका, नंतर दोन भांडणं होतील.

६. जागा

२०१० च्या आसपासच्या डब्यांत आतली जागा दोन-चार जीबी, आणि मॅप मात्र दर वर्षी फुगतो. आधी वापरात नसलेले आवाज आणि भाषा काढा. गाडीची चित्रं, मदतीची पुस्तकंही जाऊ द्या. तरी जागा कमी पडली तर गार्मिनच्या अपडेट प्रोग्रॅममध्ये पूर्ण मॅपऐवजी ठरावीक भाग निवडायची सोय असते. काही मॉडेलांत उरलेला मॅप मायक्रोएसडीवर टाकता येतो. ज्या फाइलीचं काम माहीत नाही ती उडवू नका. विशेषतः मॅपच्या शेजारी त्याच नावाची, शेपटीला “यूएनएल” लावलेली बारकी फाइल दिसली तर ती कुलपाची किल्ली आहे.

७. लायसन्स आणि खातं

आतापर्यंतचं सगळं ठीक असेल तरच इथे या. खरंच लायसन्सची अडचण असेल तर ती बहुधा या तिन्हींपैकी एक.

सेकंडहँड गाडी: युनिट आधीच्या मालकाच्या खात्यावर नोंदलेलं असतं. त्यांना फोन करून नोंद काढायला सांगा, किंवा आरसी आणि सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेशी बोला. याला कॉम्प्युटरवर कसलीही युक्ती नाही.

पेनड्राइव्हची सरमिसळ: तिसऱ्या जातीच्या युनिटांत गाडी पेनड्राइव्हवर स्वतःची ओळख लिहून देते आणि कॉम्प्युटर त्या ओळखीसाठीच मॅप उतरवतो. भावाच्या गाडीची ओळख घेऊन तुमच्या गाडीत टाकलं तर नाही म्हणणारच. अर्धवट झालं असेल तर पेनड्राइव्ह पुसा, गाडीतून ओळख पुन्हा घ्या आणि पहिल्यापासून करा.

तिसरं, कॉम्प्युटरचीच तारीख चुकलेली. जुन्या लॅपटॉपची आतली बटण-बॅटरी संपली की तो मागच्या दशकात सुरू होतो आणि लायसन्स देणारा सर्व्हर त्याच्याशी बोलतच नाही. घड्याळ लावा, पुन्हा करा.

नवीन घेतलेल्या यंत्रावर अनेक कंपन्या पहिल्या वापरापासून ९० दिवसांत निघालेला मॅप फुकट देतात. वापरलेलं युनिट कोणी विकत असेल तर हे विचारून घ्या, ते दिवस कधीच उलटून गेलेले असू शकतात.

हात कधी थांबवायचा

लोगोच्या फेऱ्या सुरू झाल्या, स्क्रीन काळी पडली, किंवा युनिट कोड मागायला लागलं, तर पुढे काही दाबू नका. चुकीचा कोड तीन-चारदा टाकला की काही युनिटं तासन्‌तास कुलूपबंद होतात. बरोबर कोड गाडीच्या कागदपत्रांत किंवा डीलरकडे असतो.

फर्मवेअर टाकायचं असेल आणि फाइल नेमकी तुमच्याच मॉडेलची आहे याची शंभर टक्के खात्री नसेल, तर टाकू नका. चुकीचा मॅप पुसता येतो. चुकीच्या फर्मवेअरनं युनिट दगड होतं, आणि ते उठवायला आतला बोर्ड उघडून काम करणारा माणूस लागतो. मी स्वतः ते करत नाही, पुढे पाठवतो.

डॅशबोर्ड उघडायची वेळ आली तरी थांबा. ॲन्टेनाची वायर सुटली असेल असं वाटून लोक पॅनल ओढतात. त्याच भागात एअरबॅगच्या वायरी असतात, पिवळ्या कनेक्टरच्या. तिथे अंदाजानं हात घालायचा नाही.

आणि एक हिशोब आधीच करा. अधिकृत मॅपचे पैसे अधिक माझी मजुरी मिळून युनिटच्या आजच्या किमतीच्या वर जात असेल, तर मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की शहरात मोबाइल वापरा आणि हे आहे तसं राहू द्या. वरंधा घाटात किंवा आंबोलीत मोबाइलची रेंज गेली की जुनाच मॅप रस्ता दाखवतो. घाट काही हलत नाहीत.

दुरुस्तीला येताना मूळ कार्ड आणा, नवीन नको. आरसीची प्रत, अपडेटच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, आणि तो सुरुवातीचा स्क्रीनचा फोटो. पासवर्ड घरीच एकदा टाकून बघा. निम्मा दिवस तोच आठवण्यात जातो.